नोंदवही रुग्णाला वाचता आली पाहिजे : महाराष्ट्र वैद्यक परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष / प्रशासक, महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य

महोदय,

दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांच्या नावाखाली नोंदणी क्रमांक असतो. औषधाच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पैशाच्या पावतीवरही तो असलाच पाहिजे, असे वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे विनियम सांगतात. हा क्रमांक ही राज्याने रुग्णाला दिलेली हमी आहे. या माणसाची पदवी आम्ही तपासली, त्याचे नाव आमच्या वहीत आहे, आणि तो चुकला तर त्याला जाब विचारणारे कोणीतरी आहे, एवढे सगळे त्या आकड्यांत सामावलेले असते. रुग्णांच्या तक्रारी लिहून देणारे, नोंदणीची कागदपत्रे तपासणारे आणि स्वतःचे नाव याच वहीत असलेले असे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. नोंदवही रुग्णासाठी आहे, म्हणून ती त्याला वाचता आली पाहिजे, हेच आमचे म्हणणे. पुढे जे काही मागितले आहे ते सारे त्यातून येते.

मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. आजची परिषद १९६५ च्या महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियमाखाली चालते आणि तिच्यावर आता २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाचे छत्र आहे. आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे आचारविनियम काढले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला ते स्थगित केले. त्यामुळे रोजच्या कामात २००२ चे विनियमच लागू आहेत. हे सांगायचे कारण एवढेच, की नवे नियम येईपर्यंत थांबा, असे उत्तर या पत्राला देता येणार नाही. आम्ही मागतो त्यातले बरेचसे आजच्या नियमांत आहे.

खुद्द नोंदीपासून सुरुवात करू. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. पण वहीत अशीही नावे राहतात जी तिथे तशीच राहायला नकोत. काही डॉक्टर वारलेले असतात आणि घरच्यांनी परिषदेला कळवलेले नसते. काही परदेशी जाऊन स्थायिक झालेले असतात. काही इथेच व्यवसाय करतात, पण नूतनीकरण थकलेले असते. मेलेल्या माणसाचा क्रमांक सर्वांत धोकादायक, कारण तो वापरला तर तक्रार करायला मूळ मालकच उरलेला नसतो. वैद्यकीय प्रमाणपत्रांवर, प्रयोगशाळेच्या अहवालांवर, भाड्याच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर असे क्रमांक फिरू शकतात. उपाय अवघड नाही. मृत्यूची नोंद ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका करतेच. मृताचा व्यवसाय 'डॉक्टर' असा नोंदला गेला की ती माहिती दर महिन्याला परिषदेकडे यावी, अशी सोय शासनाने एका परिपत्रकाने करावी.

नोंदीपुढे सरसकट 'नोंदणीकृत' एवढेच लिहून भागत नाही. साध्या मराठीत स्थिती लिहावी : चालू, नूतनीकरण थकले, निलंबित, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, नाव काढले, मृत. प्रत्येक स्थितीपुढे तारीख हवी. 'नूतनीकरण थकले' आणि 'निलंबित' यांत फार मोठा फरक आहे. पहिला आळस असू शकतो, दुसरी शिक्षा आहे. दोन्ही एकाच मोघम शब्दात घातले तर निष्काळजी डॉक्टरवर अन्याय होतो आणि शिक्षा झालेला डॉक्टर त्याच शब्दाच्या आडोशाला लपतो.

या स्थितीला १ जुलै २०२४ पासून फौजदारी वजनही आले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने उपचार करताना तसे घडले तर ती दोन वर्षांपर्यंत आहे. 'नोंदणीकृत' कोण, तर ज्याचे नाव राष्ट्रीय किंवा राज्याच्या नोंदवहीत आहे तो. म्हणजे आरोपी डॉक्टरला कोणती शिक्षा लागू शकते, हे परिषदेच्या वहीतल्या एका ओळीवर ठरू शकते. घटनेच्या दिवशी त्या नावाची स्थिती काय होती, हे तपास अधिकाऱ्याला आणि न्यायालयाला तारखेनिशी मिळाले पाहिजे. आजची स्थिती दाखवणारे पान त्या कामाला उपयोगी नाही. जुन्या स्थितींचा इतिहास जपावा लागेल, आणि संगणकावर जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी भरण्याची सवय सोडावी लागेल.

परिषदेने दवाखान्यात क्यूआर कोड लावायला सांगितले, हे आम्हाला मनापासून आवडले. पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र कोड हे चित्र आहे आणि चित्राची झेरॉक्स निघते. शेजारच्या तालुक्यातल्या खऱ्या डॉक्टरचा कोड कोणीही आपल्या भिंतीवर चिकटवू शकतो, आणि स्कॅन करणाऱ्याला खरे नाव, खरा क्रमांक, खरी पदवी दिसते. म्हणून कोड उघडल्यावर डॉक्टरचा अलीकडचा फोटो दिसला पाहिजे आणि त्याने परिषदेला कळवलेला दवाखान्याचा पत्ता, निदान गाव आणि प्रभाग, दिसला पाहिजे. समोर बसलेला माणूस आणि पडद्यावरचा चेहरा जुळतो का, हे निरक्षर रुग्णालाही कळते. आणखी एक काळजी घ्यावी. कोड परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावरच उघडला पाहिजे, आणि त्या संकेतस्थळाचा पत्ता कोडखाली मोठ्या अक्षरांत छापलेला असावा. नाहीतर बनावट पानाचा कोड बनवायला दहा मिनिटे पुरतात.

पाटीवरच्या पदव्यांचे काय? मान्यताप्राप्त पदव्या आणि व्यावसायिक ज्ञान देणारी किंवा विशेष कर्तृत्व मान्य करणारी प्रमाणपत्रे, पदविका, सदस्यत्वे व सन्मान एवढेच नावापुढे लावता येते, असे विनियम म्हणतो. प्रत्यक्षात एमबीबीएसपुढे आठवड्याभराच्या कार्यशाळेची, दूरशिक्षणाच्या फेलोशिपची आद्याक्षरे एका ओळीत येतात आणि रुग्णाला वाटते, हे सगळे विशेषज्ञ. नोंदीत पदव्युत्तर अर्हता फक्त मान्य असलेलीच दिसावी, तिच्यापुढे विद्यापीठ आणि वर्ष असावे, आणि परिषदेने ती थेट विद्यापीठाकडून कधी पडताळली ती तारीख असावी. अर्जदाराने आणलेली छायांकित प्रत म्हणजे पडताळणी नव्हे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला पत्र गेले आणि त्याचे उत्तर आले, तरच ती पडताळणी.

इंग्लंडला नोकरीला जाणाऱ्या डॉक्टरला तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलसाठी आपल्या परिषदेचे 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र लागते आणि ते तीन महिन्यांपेक्षा जुने चालत नाही. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली होती का, हे परिषद परदेशी संस्थेला नव्याने लिहून कळवते. मग तीच माहिती लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला का नको? त्या ब्रिटिश कौन्सिलच्या वहीत कोणत्याही डॉक्टरचे नाव घातले की त्याला परवाना आहे का, त्यावर काही बंधने आहेत का, हे कोणालाही पैसे न देता वाचता येते. त्यांच्या बारा जणांच्या मंडळात सहा सदस्य डॉक्टर नसलेले असतात. आपल्या परिषदेच्या चौकशीच्या बाकावर निदान एक माणूस वैद्यक व्यवसायाबाहेरचा, कायदा जाणणारा असावा, ही आमची मागणी याच अनुभवावर उभी आहे.

आता तक्रारींकडे येऊ. हा भाग लांबेल, कारण सर्वांत जास्त माणसे इथेच अडकतात.

परिषद काय करू शकते आणि काय नाही, हे रुग्णाला आधी कोणी सांगत नाही. १९६५ च्या अधिनियमाच्या कलम २२ खाली परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, ठराविक मुदतीसाठी किंवा कायमचे नाव काढू शकते. नुकसानभरपाई देणे, बिल परत मिळवून देणे, तुरुंगात पाठवणे हे तिच्या हातात नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे आणि तिथे दोन वर्षांची मुदत आहे. पुष्कळ कुटुंबे 'आधी परिषदेचा निकाल येऊ दे' म्हणून थांबतात आणि ही दोन वर्षे निघून जातात. तक्रार स्वीकारताना दिल्या जाणाऱ्या पोचपावतीवर चार ओळी मराठीत छापल्या तरी हे टळेल : परिषद भरपाई देत नाही, ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, दोन्हीकडे एकाच वेळी जाता येते. छपाईचा खर्च काय येणार?

तक्रार कशी असावी याचा नमुना परिषदेने द्यावा. आज लोक दहा पानी आक्रोश लिहून आणतात. त्यातला राग खरा असतो, पण चौकशीला लागतात त्या गोष्टी त्यात नसतात. डॉक्टरांचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, उपचाराच्या तारखा आणि शक्य तिथे वेळा, नेमकी कोणती कृती चुकली किंवा करायची राहिली, त्याचा परिणाम काय झाला, सोबत कागदपत्रे क्रमांक घालून, आणि शेवटी प्रतिज्ञापत्र. 'डॉक्टरांनी लक्ष दिले नाही' या वाक्यावर काही सिद्ध होत नाही. 'रात्री ११ वाजता रक्तदाब ८० पर्यंत उतरला होता, परिचारिकेने फोन केला, पहाटे ४ पर्यंत कोणी आले नाही, केस पेपरवर या पाच तासांची एकही नोंद नाही' या वाक्यावर चौकशी उभी राहते.

केस पेपर मिळवणे ही पहिली लढाई असते. रुग्णाने, त्याच्या अधिकृत माणसाने किंवा संबंधित कायदेशीर अधिकाऱ्याने मागितल्यावर नोंदी ७२ तासांत द्यायच्या, हा नियम आहे. आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या, हाही नियम आहे. तोंडी मागितले तर तो मागितल्याचा पुरावा राहत नाही, म्हणून आम्ही लोकांना सांगतो : दोन प्रतींत अर्ज द्या, एका प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्या, शिक्का नाकारला तर त्याच दिवशी रजिस्टर टपालाने पाठवा. ७२ तास उलटले की ती स्वतंत्र तक्रार होते. उपचारातली चूक ठरवायला तज्ज्ञ लागतात. अर्जाची तारीख आणि कागद दिल्याची तारीख यांतले अंतर मोजायला तज्ज्ञ लागत नाही. अशा तक्रारी वेगळ्या काढून परिषदेने तीस दिवसांत निकाली काढाव्यात. वर्षभर असे केले तर केस पेपर दडवण्याची, नंतर भरण्याची, पाने बदलण्याची सवय राज्यभर कमी होईल, अशी आमची खात्री आहे.

तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा, असे २००२ चे विनियम म्हणतात. प्रत्यक्षात डॉक्टरचे उत्तर यायला वेळ, मग प्रत्युत्तर, मग तारीख, मग गणसंख्या नाही, मग वकील बदलला, मग नवी तारीख. पालघरच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला प्रत्येक तारखेला मुंबई गाठावी लागते, मजुरी बुडते, आणि तिथे कळते की आज सुनावणी नाही. पहिल्या तारखेला दोन्ही बाजूंना वेळापत्रक लिहून द्यावे. उत्तराला ३० दिवस, प्रत्युत्तराला १५, तहकुबी प्रत्येकी एकदाच आणि तीही लेखी कारण देऊन. प्राथमिक सुनावणी दूरचित्रसंवादाने जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून घ्यावी. आणि प्रलंबित तक्रारींची संख्या, सहा महिन्यांहून जुन्या किती, हे दर तिमाहीला जाहीर करावे. आकडा जाहीर करायचा ठरला की कामाला आपोआप वेग येतो.

आदेश सकारण हवा. 'निष्काळजीपणा आढळला नाही, तक्रार निकाली' एवढ्या ओळीने कोणाचेच समाधान होत नाही, निर्दोष डॉक्टरचेही नाही. कोणता प्रश्न विचारात घेतला, कोणत्या तज्ज्ञाचे मत घेतले, कोणत्या पाठ्यग्रंथीय निकषाशी तुलना केली, हे दोन पानांत लिहिता येते. रुग्णाचे नाव झाकून असे आदेश संकेतस्थळावर ठेवले तर तरुण डॉक्टरांना त्यातून शिकायलाही मिळेल.

सर्वांत मोठी विषमता अपिलात आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाच्या कलम ३० मध्ये राज्य परिषदेच्या कारवाईविरुद्ध अपील करायचा हक्क डॉक्टरला दिला आहे. रुग्णाचा उल्लेख नाही. तक्रार फेटाळली गेली तर डॉक्टरपुढे प्रश्नच नसतो, आणि रुग्णाला या कलमात अपिलाची वाट नसते. हा दोष संसदेने दुरुस्त करायचा आहे, हे आम्ही जाणतो. पण मंत्रिमहोदय, राज्य शासनाने केंद्राला तसे अधिकृतपणे लिहावे. आणि तोवर परिषदेने पहिल्या चौकशीत नसलेल्या सदस्यांपुढे फेरविचाराची सोय करावी.

गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा मुद्दा थोडक्यात. न्यायालयाने दोषारोप निश्चित केले की डॉक्टरची नोंदणी खटला संपेपर्यंत निलंबित करायची, आणि दोष सिद्ध झाल्यास पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षे, पुन्हा घडल्यास कायमचे नाव काढायचे, असे कायदा सांगतो. हे समुचित प्राधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, परिषदेला कळवायचे असते. साखळी तुटते ती बदलीत : प्राधिकारी बदलतो, नव्याला खटल्याची तारीख माहीत नसते, दोषारोपाची प्रत न्यायालयाच्या फाइलमध्ये राहते. सरकारी वकिलानेच त्याच आठवड्यात प्रत परिषदेला पाठवावी, अशी सक्ती करा.

बोगस डॉक्टरांविषयी बोलणे सोपे आहे, खटला टिकवणे कठीण. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती आहे, तालुक्यालाही समिती आहे. धाड पडते, औषधे जप्त होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि काही आठवड्यांत तोच माणूस पुढच्या बाजाराच्या गावात खोली घेतो. खटले ढासळतात त्याची कारणे ठरलेली आहेत. पंचनाम्यात औषधांचे नाव, बॅच क्रमांक, संख्या लिहिलेली नसते. औषध निरीक्षक सोबत नसल्याने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाचे कलम लागत नाही. उपचार घेत असलेल्या रुग्णाचा जबाब त्याच वेळी घेतलेला नसतो, आणि नंतर तो म्हणतो, मी पाहुणा म्हणून आलो होतो. इंजेक्शन दिल्याचा, पैसे घेतल्याचा पुरावा नसतो. आणि मुख्य म्हणजे, हा माणूस कोणत्याच वहीत नाही, असे लेखी कोणी दिलेले नसते.

वह्या एकाहून अधिक आहेत, हीच खरी अडचण. ॲलोपॅथीची आपल्याकडे, आयुर्वेद-युनानीची वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, दंतवैद्यांची वेगळी, भौतिकोपचाराची वेगळी. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या स्वतंत्र नोंदीवरून २०२५ मध्ये जो वाद पेटला, त्यात आम्हाला इथे बाजू घ्यायची नाही. पण समोरचा माणूस कोणत्या वहीत आहे आणि त्या वहीने त्याला काय करायची परवानगी दिली आहे, हे रुग्णाला आणि पोलिसाला एकाच ठिकाणी कळले पाहिजे. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने एका अर्जात नाव, जन्मतारीख आणि दाखवलेल्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवावा, आणि सर्व परिषदांचे मिळून एक डिजिटल सहीचे उत्तर तीन कामाच्या दिवसांत यावे. ते हातात असेल तर १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाचे कलम ३३ आणि आयोग अधिनियमाचे कलम ३४ लावताना ठाणेदाराला 'आधी परिषदेकडून आणा' म्हणता येणार नाही. कलम ३४ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कायद्याला दात आहेत, कागदपत्र वेळेत पोहोचत नाही.

महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही, आणि राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांपुरता आहे. खाटा नसलेल्या बाह्यरुग्ण दवाखान्यावर नोंदणी तपासायला नियमाने कोणी जात नाही. म्हणून अशा दवाखान्यांसाठी आपली नोंदवही हीच एकमेव चाळणी उरते.

नूतनीकरणासाठी डॉक्टरला पाच वर्षांत ३० क्रेडिट, म्हणजे वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांना हजर राहून मिळणारे गुण, मिळवावे लागतात. कल्पना चांगली, पण गुण हजेरीचे मिळतात, शिकल्याचे नाही. सकाळी नोंद करून दुपारी निघून गेलेल्यालाही तेवढेच. आमची सूचना अशी, की ३० पैकी निदान सहा क्रेडिट ठराविक विषयांचे असावेत : संमतीपत्र आणि नोंदी, प्रतिजैविकांचा वापर, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचा प्रत्यक्ष सराव, सर्पदंश आणि विंचूदंश, बालकांवरील लैंगिक अत्याचारात तपासणी व कळवण्याची जबाबदारी. कोकण आणि विदर्भात सर्पदंशाचा रुग्ण पुष्कळदा आधी जवळच्या खासगी दवाखान्यात येतो. तिथे प्रतिसर्पविष किती आणि कसे द्यायचे, श्वास थांबू लागला तर काय करायचे, हे त्या डॉक्टरला हाताने करून दाखवता आले पाहिजे. औषध कंपनीच्या पैशाने झालेल्या कार्यक्रमाला क्रेडिट देताना प्रायोजकाचे नाव त्याच नोंदीत जाहीर करावे. ग्रामीण भागातल्या एकट्या डॉक्टरला दोन दिवस दवाखाना बंद ठेवून शहरात येणे परवडत नाही. त्याच्यासाठी जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एकदा फुकट सत्र ठेवावे.

परिषदेवर निवडून आलेले सदस्य नसले आणि कारभार प्रशासकाकडे असला, तरी यांतल्या बऱ्याच गोष्टी परिपत्रकाने होतात. निवडणुका वेळेवर व्हाव्यात, हे आहेच. चौकशीच्या कामाला त्यासाठी थांबवू नये.

या पत्राला उत्तर देताना आम्हाला आश्वासन नको. तीन तारखा कळवा : नोंदीपुढे स्थिती आणि फोटो कधी दिसू लागतील, सहा महिन्यांहून जुन्या तक्रारींचा पहिला आकडा कधी जाहीर होईल, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसाठी तीन दिवसांत उत्तर देणारा कक्ष कधी सुरू होईल. नमुना अर्ज, पोचपावतीच्या चार ओळी आणि सुनावणीचे वेळापत्रक यांचे मसुदे तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
वैद्यक नोंदणी आणि रुग्णहक्क या विषयांत काम करणारे काही डॉक्टर, वकील आणि कार्यकर्ते